कोरड्या गालावरचा अर्धा तास

लायकेन म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात पडते तेच. खडकाला चिकटून पसरणाऱ्या त्या वाढीचे नाव इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली ज्या त्वचाविकाराला दिले, तो लायकेन प्लेनस तोंडात झाला की गालाच्या आतल्या अस्तरावर पांढऱ्या रेषांची जाळी उमटते. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या टी-पेशी येथे स्वतःच्याच अस्तरावर उलटतात. नुसती जाळी सहसा दुखत नाही. अस्तर सोलवटून लाल व्रण उघडे पडले, की आमटीचा घोटही झोंबू लागतो आणि रुग्ण ‘तोंड आलंय’ असे सांगत दवाखाना गाठतो.

मुंबईतील एका दंत महाविद्यालयाच्या मुखरोगनिदान विभागात, जेथे लवंगेच्या तेलाचा वास कायमचा मुरलेला आहे, बायोप्सीने निदान पक्के झाल्यावर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची ०.१ टक्क्याची पेस्ट लिहून दिली जाते. चिठ्ठीला मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो ती लावायला शिकवण्यात. तरुण डॉक्टर गॉजची चौकोनी घडी रुग्णाच्या गालात धरते, लाळ टिपली जाऊन अस्तर कोरडे होईपर्यंत थांबते, मग बोटाच्या टोकावर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट घेऊन म्हणते, “मावशी, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.”

जिलेटिन, पेक्टिन आणि सेल्युलोज यांच्या चिकट मिश्रणात औषध घोटलेले असते. टेकवले तर त्याची गुळगुळीत साय धरते, चोळले तर रवा होऊन ते निसटते. अर्धा तास ऐकायला थोडा वाटतो, परंतु दिवसातून दोन-तीनदा तो अर्धा तास राखणे, भाजीची चव पाहावी लागणाऱ्या आणि मध्येच चहाचा घोट घेणाऱ्या बाईला सोपे नसते, आणि हे न विचारताच ‘औषध लागू पडत नाही’ असा शेरा मारणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. रात्री निजताना लावलेला लेप त्यामुळेच मोलाचा, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

स्टेरॉइडने आग शमते, आजार मुळापासून जात नाही. शिवाय तोंडात बुरशी वाढू शकते, आणि सुमारे एक टक्का रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवत असल्याने दुखणे थांबले तरी तपासणी सुटत नाही.

पुढच्या तारखेला मावशींच्या हाती आरसा दिला जातो. त्या स्वतः गाल टिपतात, बोट व्रणावर टेकवतात, चोळत नाहीत. काही सांगायला तोंड उघडतात, तोच डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवते.