उपकार राजाचे की फ्रान्सचे? (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण बास्तिय पडेपर्यंत आलो होतो. त्या तुरुंगाची किल्ली अमेरिकेच्या लढ्यात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत यानं जॉर्ज वॉशिंग्टनला भेट पाठवली. आजही ती माउंट व्हर्ननच्या घरात टांगलेली आहे. पाठवणाऱ्याचा भाव उघड होता : स्वातंत्र्याचे धडे तुमच्याकडे गिरवले, ही घ्या गुरुदक्षिणा. अमेरिकनही सुखावले. १७९० मध्ये बेंजामिन फ्रँकलिन वारल्याचं कळलं, तेव्हा फ्रेंच राष्ट्रीय सभेनं तीन दिवस दुखवटा पाळला. कौतुक दोन्हीकडून चाललं होतं.

अडचण होती ती सोळाव्या लुईची. इंग्रजांशी लढायला अमेरिकेला पैसा, फौज आणि आरमार दिलं ते याच राजानं. १७७८ चा मैत्रीचा तहही त्याच्याशीच झालेला. त्या लढाईच्या खर्चानं त्याचा आधीच पोखरलेला खजिना आणखी खंगला, आणि करांसाठी त्याला जी सभा बोलवावी लागली तिथूनच क्रांतीला तोंड फुटलं. आता हाच राजा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर अमेरिकनांनी कुणाची बाजू घ्यायची?

हा पेच सगळ्यात उघडपणे पडला टॉमस पेनला. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, तोच हा पेन. जन्मानं इंग्रज, अमेरिकेच्या लढ्यातला बिनीचा लेखक, आणि १७९२ मध्ये फ्रान्सनं मानाचं नागरिकत्व दिल्यावर तिथल्या नव्या राष्ट्रीय सभेचा, म्हणजे कन्व्हेन्शनचा, निवडून आलेला सभासद. राजेशाहीचा हाडवैरी; पण राजाला मारू नका म्हणून उभा राहिला तोच. त्याला फ्रेंच नीट बोलता येत नसे. जानेवारी १७९३ मध्ये तो व्यासपीठावर नुसता उभा होता आणि भाषणाचा तर्जुमा दुसराच सभासद वाचत होता. या माणसानं माझ्या अमेरिकेला बेड्या तोडायला मदत केली, त्याला तिकडेच हद्दपार करा, असा त्याचा आग्रह. मारा या जहाल सभासदानं मध्येच आरडाओरडा केला : पेन क्वेकर आहे, त्याच्या पंथाला देहदंड चालत नाही, त्याचं मत धरू नका. एवढ्यानं भागेना, तेव्हा तर्जुमाच खोटा आहे म्हणून ओरडला. २१ जानेवारीला लुईचं मस्तक उडालं. वर्ष संपता संपता पेनही पॅरिसच्याच लक्झेंबर्ग तुरुंगात गेला.

राजाच्या वधाची बातमी फिलाडेल्फियाला, तेव्हाच्या अमेरिकन राजधानीत, पोहोचल्यावर १७९३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननं मंत्र्यांपुढे प्रश्न ठेवला : तह राजाशी झाला होता, राजा गेला, आता तह उरला का? अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला, तूर्त तो गुंडाळून ठेवावा. परराष्ट्रमंत्री जेफरसन म्हणाला, तह राष्ट्राराष्ट्रांत होतात, गादीवरचा माणूस बदलल्यानं ते मोडत नाहीत. मला जेफरसनचं म्हणणं पटतं, पण दोघांच्याही मतांना खासगी अस्तर होतं. हॅमिल्टनची सगळी अर्थव्यवस्था आयातीवरच्या जकातीवर उभी, आणि माल मुख्यतः इंग्लंडचा. जेफरसननं पॅरिस सोडलं ते सप्टेंबर १७८९ मध्ये, त्यामुळे गिलोटिन त्यानं पाहिलंच नाही. उलट त्याच वर्षीच्या जुलैत पॅरिसमध्ये भाल्यावर मिरवलेलं फूलाँ या मंत्र्याचं मुंडकं पाहिलेला अमेरिकन मुत्सद्दी गव्हर्नर मॉरिस क्रांतीबद्दल कायम साशंक राहिला. (गव्हर्नर हे त्याचं नाव, हुद्दा नव्हे!) वॉशिंग्टननं तह ठेवला आणि फ्रान्स-इंग्लंडच्या नव्या युद्धात तटस्थताही जाहीर केली.

त्याच महिन्यात फ्रान्सचा नवा वकील एडमाँ जने चार्ल्सटनच्या बंदरात उतरला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि गडी चढला. अमेरिकेच्या बंदरांतून इंग्रजी व्यापारी गलबतं लुटायला त्यानं जहाजं सोडली, पकडून आणलेलं एक गलबत मनाई असताना फिलाडेल्फियातून समुद्रात काढलं, आणि वॉशिंग्टन ऐकत नसेल तर मी थेट जनतेकडे जाईन असं सुनावलं. त्यानंतर मात्र त्याची पाठराखण करणारा जेफरसनही वैतागला. ‘याला परत बोलवा’ या पत्राचा मसुदा त्यानंच लिहिला.

तोवर पॅरिसमध्ये जनेचे पाठीराखे गिलोटिनखाली गेले होते. नवा वकील आला तो त्याच्या अटकेचा हुकूम घेऊनच. जनेला आसरा दिला तो वॉशिंग्टननंच! न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या मुलीशी लग्न करून तो तिथलाच शेतकरी झाला आणि १८३४ मध्ये तिथेच वारला.

तह मात्र एवढा चिवट निघाला नाही. १७९८ मध्ये दोन्ही प्रजासत्ताकांची जहाजं एकमेकांवर तोफा डागू लागली. त्यामागचं लाचेचं प्रकरण पुढच्या आठवड्यात.