केसपेपर वाचणारी सिस्टर

आपल्या प्रत्येकीच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. सासऱ्यांच्या ऑपरेशनचे कागद, धाकट्याच्या टायफॉइडचे रिपोर्ट, नणंदेच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, असं सगळं तीत कोंबलेलं असतं. टाकवत नाही म्हणून ठेवायचं. वाचता मात्र घरात कुणालाच येत नाही. अक्षर डॉक्टरांचं, भाषा इंग्रजी आणि त्यातही निम्मी नुसती आद्याक्षरं! एखाद्या घरात उपचारांत काही वेडंवाकडं घडलं की माणसं हीच पिशवी उचलून वकिलाकडे जातात. वकीलसाहेब कायद्यात कितीही मुरलेले असोत, ते कागद बघून तेही थबकतात. 'एनबीएम' म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही आणि 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच द्यायचं, हे लॉ कॉलेजात त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

ते माहीत असतं सिस्टरला.

अमेरिकेत एवढ्याशा गोष्टीतून एक अख्खा व्यवसाय उभा राहिला आहे. 'लीगल नर्स कन्सल्टंट' असं त्याचं नाव. म्हणजे अनुभवी नर्स वकिलांना, विमा कंपन्यांना किंवा खुद्द रुग्णालयांना वैद्यकीय कागद उलगडून सांगते आणि त्याचे तासाप्रमाणे पैसे घेते. मैत्रिणींनो, हा विषय मी मुद्दाम घेतला. आपल्या तालुक्यातालुक्यातून मुली नर्सिंगला जातात, वीस-वीस वर्षं वॉर्डात काढतात आणि चाळिशी ओलांडली की कंबर धरून म्हणतात, "आता नाइट झेपत नाही, पण दुसरं येतंय काय मला?" पुष्कळ काही येत असतं. ते मोजायची सवय आपल्याला नाही, इतकंच.

हा व्यवसाय काय आहे ते नीट कळायला एक जुना खटला बघू. नोव्हेंबर १९६०. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं चार्ल्सटन हे लहान गाव. डॉरन्स डार्लिंग नावाचा १८ वर्षांचा कॉलेजातला मुलगा फुटबॉल खेळताना पाय मोडून घेतो. गावच्या रुग्णालयात त्याला प्लास्टर घालतात. थोड्याच वेळात पाय भयंकर ठणकू लागतो. प्लास्टरबाहेरची बोटं सुजतात, काळसर पडतात, मग गार आणि बधिर होतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोटांपाशी प्लास्टरला खाच पाडतात, तिसऱ्या दिवशी थोडं वरपर्यंत कापतात, चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंनी चिरतात आणि ते चिरताना पायालाही जखमा होतात. तो मुलगा तसाच तिथे दोन आठवडे असतो. शेवटी त्याला सेंट लुईसच्या मोठ्या रुग्णालयात हलवतात, आणि अखेर गुडघ्याखाली आठ इंचांवर पाय कापावा लागतो.

मोडलेलं हाड! आपल्याकडे सायकलवरून पडलेल्या पोराचं मोडतं, तसंच. खटला उभा राहिला. जूरीने दीड लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्यातले ४० हजार डॉक्टरांशी झालेल्या तडजोडीतून आधीच मिळाले होते, उरलेले रुग्णालयाच्या माथी आले. १९६५ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या निकालातला एक भाग प्रत्येक नर्सने वाचावा असा आहे. पायातला रक्तप्रवाह जितक्या वेळा तपासायला हवा होता तितक्या वेळा नर्सेसनी तपासला नाही, असं जूरीला वाटणं रास्त होतं, असं न्यायालय म्हणालं. कुशल नर्सच्या ध्यानात ते लगेच आलं असतं; तिने डॉक्टरांना सांगायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी हालचाल केली नाही तर व्यवस्थापनाला कळवायला हवं होतं.

आता विचार करा. बोटं किती वेळाने बघायची, रंग, गारवा, संवेदना यांची नोंद कशी करायची, काळसर दिसलं तर पुढे काय करायचं, हे न्यायालयाला कोण सांगणार? सर्जन सांगेल शस्त्रक्रियेबद्दल. शुश्रूषेचं माप नर्सच सांगू शकते. पुढच्या दशकांत तिकडे असे दावे वाढत गेले, तशी वकिलांना नर्सची गरज भासू लागली आणि १९८९ मध्ये या नर्सेसनी देशपातळीवर आपली संघटनाही काढली.

या कामाला कायद्याची पदवी लागत नाही. रजिस्टर्ड नर्सचा, म्हणजे 'आरएन'चा परवाना लागतो आणि वॉर्डात घालवलेली वर्षं लागतात. संघटनेच्या मंडळाची 'एलएनसीसी' नावाची परीक्षा आहे, ती ऐच्छिक आहे. पण तिला बसायची अटच सांगते की हे काम पुस्तकी नाही: नर्स म्हणून पाच वर्षांचा अनुभव आणि शिवाय गेल्या पाच वर्षांत या सल्ल्याच्या कामाचे २००० तास. म्हणजे आधी काम मिळवायचं, करून दाखवायचं, मग परीक्षा. आपल्याकडून 'एनक्लेक्स' देऊन तिकडे गेलेल्या मुलींनाही ही वाट मोकळी आहे. अट परवान्याची आहे, माहेर कुठलं याची नाही.

मग नर्सला नव्याने शिकायचं काय? पहिली गोष्ट अगदी घरगुती आहे, कागद लावणं. मोठ्या आजारपणाची फाइल शेकडो पानांची असते आणि वकिलाकडे येते ती पत्ते पिसल्यासारखी. ती तारखेने, वेळेने लावायची आणि त्यातून एक तक्ता करायचा: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुणी, काय लिहिलं, कुठल्या पानावर. समजा, सिझेरियन झालेली एक बाई आहे. टीपीआर चार्टवर रात्री अकराला नाडी ९८, बाराला ११६, एकला १३२, आणि रक्तदाब उतरत चाललेला. सिस्टरच्या नोट्समध्ये 'डॉक्टरांना कळवले' असं आहे, पण वेळ नाही. डॉक्टरांची पुढची नोंद पहाटे चारची. रक्तपेढीकडे मागणी गेली चार वीसला. हे चार तुकडे चार वेगळ्या कागदांवर असतात. सुटे बघितले तर कुठल्याच कागदात काही वावगं दिसत नाही. एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवले की एक ते चार हे तीन तास डोळ्यांत खुपतात. बाळंतिणीची नाडी अशी चढत गेली की पोटात रक्तस्राव तर होत नाही ना, ही शंका कुठल्याही जाणत्या सिस्टरच्या मनात आधी येते. ती शंका येणं हेच तर तिचं भांडवल.

जे नाही ते शोधणं हे त्याहून वरचं काम. आयसीयूचे तीन दिवस आहेत आणि इनटेक-आउटपुट चार्ट दोनच दिवसांचा? भूल दिल्याची नोंद कुठाय? एकाच शाईने, एकाच दमात आठ तासांच्या नोंदी केल्यासारख्या का दिसताहेत? 'लिहिलं नाही म्हणजे केलं नाही' हे नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी कानावर पडलेलं असतं, इथे ते दुसऱ्या टोकाकडून कामी येतं. आता कागदांची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे, पण तिथेही कुणी, किती वाजता नोंद उघडली आणि बदलली याचा माग राहतो. तो मागायचा असतो हे वकिलाला सांगणारीही हीच.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते मात्र 'नाही' म्हणणं. माणूस दगावला म्हणजे चूक झालीच, असं नसतं. चूक झाली तरी त्या चुकीनेच नुकसान झालं, हे वेगळं दाखवावं लागतं. आणि मोजमाप लावायचं ते त्या वर्षीच्या रीतीचं, आज आपल्याला कळलेल्या शहाणपणाचं नाही. येणाऱ्या प्रकरणांतली कितीतरी अशी असतात की ती चालवू नका, यात दम नाही, हे नर्सलाच वकिलाला स्पष्ट सांगावं लागतं. पैसे देणाऱ्याला आवडेल ते सांगणारी बाई या धंद्यात टिकत नाही, कारण पुढच्या बाजूलाही एक नर्स बसलेली असते आणि तिच्यासमोर तीच फाइल असते.

लिहिण्याची ढबही बदलावी लागते. अहवालात 'बेफिकीर', 'निष्काळजी' असे शब्द घालायचे नाहीत, ते ठरवणं न्यायालयाचं काम. वेळ, आकडा, पान क्रमांक, बस्स. पडद्यामागे वकिलाला मदत करणारी नर्स वेगळी आणि साक्षीदार म्हणून उभी राहणारी वेगळी. दुसरीला उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं, तिचा शब्द न् शब्द उलटून पाहिला जातो. आपण जिथे नोकरी केली त्याच रुग्णालयाचं प्रकरण घ्यायचं नाही, आणि वाचलेलं कुठे बोलायचं नाही. (भिशीत तर नाहीच नाही!)

आपल्याकडे या नावाचा व्यवसाय रुळलेला नाही. गरज मात्र दारात उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती सेवा तेवढी बाहेर राहिली. २०२० च्या जुलैपासून नवा ग्राहक कायदा लागू झाला, तरी ही सेवा त्यातही येते, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. जिल्हा आयोगात तक्रार स्वतः करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते.

आणि नर्सच्या नोंदी इथेही किती बोलतात, ते कोलकात्याच्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात दिसलं. त्या अमेरिकेहून माहेरपणाला यावं तशा भारतात आल्या होत्या. अंगावर पुरळ उठलं, स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली गेली, त्वचेचा गंभीर आजार बळावला आणि मे १९९८ मध्ये मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे पती कुणाल साहा स्वतः डॉक्टर. ते पंधरा वर्षं लढले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपयांची भरपाई दिली, व्याज वेगळं. औषधाच्या मात्रेवर बोट ठेवलं गेलंच, पण इतक्या अत्यवस्थ बाईची नाडी, ताप, रक्तदाब, इनटेक-आउटपुट यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं नाही, हेही न्यायालयाने नोंदवलं. टीपीआर चार्ट! शिकाऊ मुलींना कंटाळा येतो तो कागद. नवरा डॉक्टर होता म्हणून त्याला त्या फायलीत काय नाही ते दिसलं. ज्या बाईचा नवरा रिक्षा चालवतो तिला कोण दाखवणार?

आमच्या महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात एक निवृत्त सिस्टर गुरुवारी दुपारी बसतात. सरकारी दवाखान्यात त्यांची तीस वर्षं गेली. कोर्टाची पायरी त्या कधी चढलेल्या नाहीत. गेल्या वर्षी एक बाई आली, नवरा पोटाच्या ऑपरेशननंतर गेला होता. दिराने सांगितलं होतं, दवाखान्यावर केस टाकू, लाखो मिळतील. सिस्टरनी दोन गुरुवार घालवून सगळे कागद लावले आणि तिला सांगितलं की यात काही सापडत नाही. औषधं वेळेवर आहेत, रक्त वेळेवर आहे, मोठे डॉक्टर रात्री दोनदा येऊन गेलेत. बाई रागावून उठून गेली. आठवड्याने एकटीच परत आली आणि म्हणाली, "मला परत पहिल्यापासून वाचून दाखवा, शेवटच्या रात्री काय काय झालं ते." घरातल्या कुणी तिला ते सांगितलंच नव्हतं. सिस्टरनी तासाभराचं मराठीत सगळं सांगितलं. केस काही झाली नाही.

ज्या मुलींना हे शिकायचं आहे त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. पुण्यात सिम्बायोसिसचा वैद्यकीय-कायदेविषयक पदविका अभ्यासक्रम आहे, बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायदा आणि नीतीचा दूरशिक्षणाने करण्याजोगा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेलीला तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं आणि महाराष्ट्रात त्याच्या प्रवेशपरीक्षेला वयाची वरची अट नाही. जीएनएमवाल्यांना मात्र आधी पदवी पुरी करावी लागते. इंग्रजी वाचन सुधारायला हवं, यात दुमत नाही. मराठीत बाजू समजावून सांगणारी माणसं तर त्याहून कमी आहेत.

ज्यांना शिकायचं नाही पण पिशवी सांभाळायची आहे, त्यांच्यासाठी एवढंच. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षं जपून ठेवायचे असतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. चार्ट, सिस्टरच्या नोट्स, औषधांचा तक्ता, ऑपरेशनची आणि भुलेची नोंद, सगळ्याची नावं घालून मागा. अर्ज दोन प्रतींत करायचा, एका प्रतीवर तारीख-वेळेसह शिक्का आणि सही घ्यायची, आणि ७२ तास तिथून मोजायचे.