जुनी गाडी आणि टायमिंग बेल्टचा हिशेब

मागच्या आठवड्यात आपण इंजिन ऑइलच्या मुदतीबद्दल बोललो. ऑइल बदलायला उशीर झाला तर इंजिन झिजते, पण ते हळूहळू झिजते आणि त्याची काही ना काही चाहूल लागते. आजचा भाग बहुतेक वेळा चाहूल देत नाही. दहा-बारा वर्षांची डिझेल गाडी आहे, बाजारात तिला जेमतेम दीड लाख मिळतील, आणि मेकॅनिक सांगतो की टायमिंग बेल्टचे काम काढा. मालक मनातल्या मनात गाडीची किंमत आणि कामाचा खर्च शेजारी ठेवतो आणि म्हणतो, चालतेय तोवर चालू दे. हा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहणे हीच मला मुळातली चूक वाटते. गाडी अजून किती वर्षे वापरायची आहे, याच्याशी तो ताडायला हवा.

आधी बेल्ट करतो काय ते पाहू. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा व्हावा लागतो, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राहतो. हे काम पूर्वी साखळी किंवा गिअर करत. जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १९६२ मध्ये ‘१००४’ या गाडीत दातेरी रबरी पट्टा वापरला, आणि मोठ्या संख्येने बनलेल्या मोटारींमध्ये हा पट्टा आला तो तिथून. पट्टा हलका, स्वस्त, कमी आवाजाचा. त्याला तेल लागत नाही. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत आणि स्विफ्ट-व्हिस्टामधल्या १.३ लिटर डिझेलमध्ये साखळी आहे, त्यामुळे त्या मालकांनी हा लेखांक सोडून दिला तरी चालेल. जुनी इनोव्हा २.५, डस्टर डिझेल, फोक्सवॅगन-स्कोडाची टीडीआय इंजिने, आणि आपल्या नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या लोगन व व्हेरिटोचे १.५ लिटर डिझेल इंजिन ही मंडळी मात्र पट्ट्यावर चालतात.

व्हेरिटोचेच उदाहरण घेऊ. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, एक कॅमशाफ्ट; आणि याच एका पट्ट्यावर डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा प्रचंड दाबून तापवली जाते, म्हणून पिस्टन वर येतो तेव्हा हेडखाली जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो आणि काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र फिरत राहतो, कारण गाडी गिअरमध्ये असते आणि चाके त्याला फिरवत असतात. अडीच हजार आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा वर येतो. चालकाने काही करण्याआधीच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळलेले असतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनपर्यंत काम जाते. हे कसाऱ्याच्या घाटात उतारावर घडले तर? स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. हा धोका रुपयांच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

आता आक्षेपांकडे वळू. ‘बेल्ट उघडून बघू, चिरा नसतील तर राहू दे,’ असे अनुभवी लोकही म्हणतात. जुन्या निओप्रीन पट्ट्यांच्या काळात त्यात तथ्य होते. ते रबर वयानुसार कडक व्हायचे आणि त्याला चिरा पडायच्या. नंतरचे पट्टे अधिक टिकाऊ नायट्राइल रबराचे आहेत. त्यांची पाठ शेवटपर्यंत गुळगुळीत दिसू शकते. ताण पेलतात ते आतले काचतंतूचे दोर, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. शिवाय पट्टा ठणठणीत असतानाही टेन्शनरचे बेअरिंग जाम होते, वॉटर पंप अडकतो किंवा ऑइल सील गळून तेल पट्ट्यावर येते, आणि परिणाम तोच. तपासणीत चीर किंवा तेल दिसले तर काम लगेच करायचे. काही दिसले नाही म्हणून मुदत वाढत नाही.

दुसरा आक्षेप रनिंगचा. ‘बारा वर्षांत पन्नासच हजार किलोमीटर झालेत.’ पण रबर वयानेही म्हातारे होते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटखाली ते लवकर होते. म्हणूनच कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षांचीही मर्यादा देतात. जी आधी येईल ती धरायची. पुण्या-मुंबईच्या कोंडीत उभ्या गाडीचे इंजिन फिरत असते, पट्टा फिरत असतो, आणि मीटर मात्र जागचा हलत नाही. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल आणि बेल्टचे बिल हाती नसेल, तर काम झालेलेच नाही असे धरावे. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर इंजिन पणाला लावू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप तिसरा आहे. बेल्ट तुटलाच तर गाडी भंगारात देऊ. नुकसान फार तर दीड लाखाचे, मग त्यासाठी आज पैसे का घालायचे? हिशेब मांडून पाहू. समजा काम बारा हजारांचे आहे आणि हेडची दुरुस्ती पन्नास हजारांची. पाच वर्षांत बेल्ट तुटण्याची शक्यता चारात एक असेल, तरच निव्वळ पैशात दोन्ही बाजू जवळपास बरोबरीला येतात. पण आधीच दहा वर्षांचा झालेला पट्टा पंधराव्या वर्षापर्यंत टिकेल, अशी हमी कुठला मेकॅनिक देईल? शिवाय भंगारात जाते ती नुसती दीड लाखाची वस्तू नसते. जिचा क्लच, टायर, बॅटरी, खोडी सगळे ठाऊक आहे अशी गाडी जाते, आणि तिच्या जागी त्याच पैशात येते ती कुणाचीतरी अनोळखी जुनी गाडी. तिच्या बेल्टचाही पत्ता नसतो. बारा हजार पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला दोनशे रुपये होतात.

याच हिशेबाने उत्तर उलटही येते, आणि ते मान्य करायला हवे. पंधरा वर्षे भरत आली आहेत, आरटीओत फेरनोंदणी करायची नाही, दोन-चार महिन्यांत गाडी भंगारात जाणार आहे, तर काम करू नये. फक्त तोवर ती घाटात आणि एक्स्प्रेस वेवर नेऊ नये. काही पेट्रोल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. तिथे पट्टा तुटला तर गाडी जागीच बंद पडते, पण आतले काही मोडत नाही. आपले इंजिन त्यातले आहे का, हे खात्रीने कळल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

काम काढलेच तर अर्धवट काढू नका. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोचण्यात जातो, म्हणून टेन्शनर, आयडलर आणि त्याच पट्ट्यावरचा वॉटर पंप एकदमच बदलावा. गळणारे सीलही तेव्हाच. किट पाकीटबंद, ओळखीच्या दुकानातून आणि बिलासह घ्यावे. कॅम आणि क्रँक पिनांनी लॉक करूनच पट्टा चढवायला सांगावे, रंगाच्या खुणांवर भागवू देऊ नये. चावी फिरवण्याआधी इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. मध्ये कुठे अडले तर तिथेच थांबून टायमिंग पुन्हा जुळवावे. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्यावेत. पुढच्या आठवड्यात कूलंटबद्दल. वॉटर पंप बदलताना तो काढावाच लागतो, त्यामुळे कोणता भरावा हा प्रश्न तिथेच उभा राहतो.