तळ्यांतील माशांचे आजार आणि त्यांचा प्रतिबंध

तलासरीच्या डोंगराळ मुलुखांत पावसाची वाण नाहीं. परंतु उतारावरून धांवणारें तें पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीं. म्हणून शेततळें खणून पाणी अडवावें आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचें बीज सोडून घरास चार पैसे जोडावे, हा उद्योग लहान शेतकऱ्यास सोयीचा वाटतो. डहाणूकडे खाडीलगत खाऱ्या पाण्यांत कोळंबी वाढवितात. दोन्हीकडील माणसास भय मात्र एकच. एके सकाळीं काठाशीं मेलेले मासे तरंगतांना दिसतात आणि वर्षाची मेहनत आठवड्यांत पाण्यांत जाते.

अशा वेळीं "रोग बाहेरून आला" असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिति बहुधा निराळी असते. गोड्या पाण्यांतील माशांस पीडा देणारे एरोमोनस नांवाचे सूक्ष्मजंतु निरोगी तळ्याच्या पाण्यांत व चिखलांतही नांदत असतात. माशाच्या खवल्यांवरील बुळबुळीत थर शाबूत आहे व अंगीं जोम आहे, तोंवर त्यांचें कांहीं चालत नाहीं. दाटी, घाण, प्राणवायूची टंचाई किंवा जाळ्याची जखम यांनीं मासा दुबळा झाला, कीं मग तेच जंतु त्याच्या अंगांत शिरतात. म्हणजे रोगाचें मूळ पुष्कळदां जंतूंच्या येण्यांत नसून तळ्याच्या निगेंत असतें.

दुखण्याचीं लक्षणें ओळखणें कठीण नाहीं. मासा अन्न टाकतो, कळपांतून फुटून काठाशीं मंदपणें फिरतो. अंगावर तांबडे चट्टे व व्रण पडतात, पर कुजतात. कधीं पोटांत पाणी होऊन तें फुगतें आणि खवले उभे राहतात. पहाटे पुष्कळ मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करूं लागले, तर मात्र तें प्राणवायूच्या टंचाईचें चिन्ह होय. पाण्यांतील शेवाळ दिवसा प्राणवायु देतें, पण रात्रीं स्वतःच तो घेतें. म्हणून पहाटे त्याचा सांठा सर्वांत कमी असतो. अशा दिवशीं खाद्य बंद ठेवून ताजें पाणी सोडावें.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. तळें आटल्यावर तळचा काळा गाळ काढून तें उन्हांत भेगा पडेपर्यंत वाळूं द्यावें. मातीच्या तळ्यास हेक्टरीं सुमारें २५० किलो चुना लागतो. माती आंबट असल्यास अधिक. बोटुकली हेक्टरीं ५,००० या मानानें सोडली, तर ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यास ४५० पुरे होतात. अधिक सोडल्यानें उत्पन्न वाढेल हा लोभच पुढें घात करितो. खाद्य उरून कुजूं देऊं नये आणि ढगाळ दिवशीं तें कमी करावें. शेजारच्या तळ्यांतून आणलेलें जाळें उन्हांत वाळविल्यावांचून वापरूं नये. मेलेला मासा लगेच काढून, तळ्यापासून दूर, चुना टाकून पुरावा.

खाऱ्या पाण्यांत हेंच काम व्हिब्रिओ जातीचे जंतु करितात, आणि तेथें आणखी एक सावधगिरी लागते. २००९ सालीं चीनमध्यें सोडल्यापासून महिन्याभरांत कोळंबी मरूं लागली. पुढें ती सांथ आग्नेय आशियांत पसरली. २०१३ सालीं अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठांत तिचें कारण उमगलें: व्हिब्रिओचाच एक प्रकार विष निर्माण करण्याची शक्ति पावला होता. तेव्हां निगेबरोबरच बीज तपासून घेणेंही अगत्याचें आहे. शिवाय एकाच खाडींतून एकजण पाणी घेतो आणि दुसरा सोडतो. रोगट तळ्याचें पाणी ब्लीचिंग पावडरनें निर्जंतुक केल्यावांचून खाडींत सोडणें म्हणजे शेजाऱ्याच्या दारांत रोग नेऊन ठेवणें होय.

राहिला औषधांचा प्रश्न. रोग नसतां खबरदारी म्हणून प्रतिजैविकें खाद्यांत मिसळण्याचा मोह होतो. त्यानें दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि खरी गरज पडते तेव्हां औषध लागू पडत नाहीं. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान हीं औषधें तर कोळंबीच्या शेतींत कायद्यानें वर्ज्य आहेत. त्यांचा अंश सांपडला तर परदेशीं पाठविलेला माल परत येतो. यासाठीं आजारी पण जिवंत मासा जाणकारांकडून तपासून घेऊन मगच औषधाचा विचार करावा.

ज्याच्यापाशीं एकच तळें आहे, त्यास दुसरा हंगाम येईपर्यंत थांबणें परवडत नाहीं. त्यानें रोज पहाटे काठावर उभें राहून घटकाभर पाणी न्याहाळावें. या संवयीस पैसा लागत नाहीं, आणि पुष्कळ रोग त्या घटकेंतच ओळखूं येतात.