डिझेल इंजिन पंपाची वापरानंतरची धुलाई

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारी तलाव, बोड्या आणि वैनगंगेचे पाणी यांवर येथील धानशेती उभी आहे. पाऊस दडी मारतो तेव्हा बांधावरचे डिझेल इंजिन कामी येते. धान निसवण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर लोंब्यांत दाणे पोचट राहतात. नेमक्या अशा वेळी इंजिन तापून जाम झाले, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पीकही हातचे जाते. हे टाळण्यासाठी इंजिनाची पाण्याची वाट वापरानंतर धुण्याची सवय लावून घ्यावी.

इंजिन का तापते?

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरभोवती व हेडमध्ये पाणी खेळण्यासाठी पोकळी असते. तिला वॉटर जॅकेट म्हणतात. पुष्कळ इंजिनांत पंपाच्याच पाण्याचा थोडा भाग बारीक नळीने या पोकळीत येतो व उष्णता घेऊन बाहेर पडतो. तलावाच्या किंवा नदीच्या पाण्याबरोबर बारीक गाळ, शेवाळ व क्षारही आत जातात.

इंजिन चालू असताना वाहते पाणी बराच गाळ बाहेर नेते. इंजिन बंद झाले की प्रवाह थांबतो, पण बीड तापलेलेच असते. उरलेल्या पाण्यातील गाळ तळाशी बसतो, तर उष्णतेमुळे क्षार भिंतींना धरतात. रोज असे होत गेले म्हणजे पपडी तयार होते. बिडातून उष्णता सहज जाते, या पपडीतून जात नाही. एक मिलिमीटर पपडी साधारणपणे दोन ते पाच सेंटीमीटर जाडीच्या बिडाइतका अडथळा करते. मग नळीतून पाणी येत असूनही पिस्टन व लायनर तापतात.

समुद्रावरील होड्यांची बाहेरून बसवलेली यंत्रे वापरानंतर गोड्या पाण्याने धुतात, त्यामागे हेच कारण आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्याकडे मीठ नाही, पण गाळ आहे.

धुलाईची पद्धत

१) काम संपल्यावर इंजिन एकदम बंद करू नये. वेग कमी करून सुमारे पाच मिनिटे चालवावे व मग थांबवावे.

२) इंजिनाला हात लावून ठेवता येईल इतके ते निवू द्यावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जातो.

३) पाणी आत येण्याची नळी काढावी व खालचा ड्रेन प्लग उघडावा. इंजिनापेक्षा तीन-चार फूट उंचावर ठेवलेल्या बॅरलमधून नळीने स्वच्छ पाणी वरच्या बाजूने, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या तोंडातून सोडावे. उलट्या दिशेने आलेले पाणी तळाचा गाळ घेऊन निघते.

४) खालून निवळ पाणी येईपर्यंत धुवावे. प्लगचे भोक चोंदले असल्यास तारेने मोकळे करावे.

५) इंजिन बरेच दिवस बंद राहणार असेल तर सर्व पाणी काढून टाकावे व आतील ओल सुकू द्यावी.

नदीला गढूळ पाणी असताना रोज, एरवी आठवड्यातून एकदा धुलाई करावी. हंगाम संपल्यावर ती न चुकता करावी.

पाणी कोणते वापरावे?

ज्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी असते. असे पाणी टाळावे. तलावाचे पाणी बॅरलमध्ये रात्रभर निवत ठेवून वरचे पाणी कापडातून गाळून वापरले तरी चालते. ज्यांचे इंजिन बॅरलमधील त्याच त्या पाण्यावर थंड होते, त्यांनी ते पाणी विनाकारण रोज बदलू नये. प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात.

इतर काळजी

फूटव्हॉल्व्ह तळाला टेकू देऊ नये. तो गाळापासून वर टांगून भोवती बांबूची टोपली बांधावी, म्हणजे शेवाळ व जलपर्णी अडते. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली किंवा वाफ दिसू लागली तर इंजिन ताबडतोब थांबवावे. जुनी पपडी नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यासाठी माहितगार मिस्त्रीकडून, इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे सफाई करून घ्यावी. हेड ॲल्युमिनियमचे असल्यास धुण्याचा सोडा वापरू नये, तो धातू खातो.

धुलाईचे पाणी, जळके ऑईल व डिझेल तलावात किंवा बोडीत जाऊ देऊ नये. त्याच पाण्यात गावातील ढिवर बांधवांची मासळी वाढते आणि जनावरेही तेथेच पाणी पितात.

धुलाईला अर्धा तास व बॅरलभर पाणी पुरते. रोवणीपूर्वी व धान निसवण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एवढे केले, तर ऐनवेळी इंजिन दगा देणार नाही.