मामाच्या एमजीचा उंबरठा

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या बेळगावच्या घरी मामाचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे इंग्लंडमध्ये, स्विंडनला, तेव्हा दुपार असते. मामा मिस्साहून येऊन, जेवून गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलेला असतो. फोन डब्याला टेकवून ठेवतो आणि म्हणतो, "हं, वाच." मग मी वर्कशॉप मॅन्युअलचं ते पान इंग्रजीत वाचते आणि मराठीत सांगते. दीड वर्ष हे चाललंय. शेक्सपिअरसाठी उघडला नसेल तेवढा शब्दकोश मी या मॅन्युअलसाठी उघडलाय. मंडळाच्या बैठकीत हे सहज बोलून गेले, तर सगळे म्हणाले, लिहून काढ. गाड्यांचं वेड नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. मलाही ते नव्हतंच.

गाडी आहे एमजीबी, १९६९ सालची. दोन माणसांची, कापडी छताची. ही गाडी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात तयार होत होती. पाच लाखांहून जास्त निघाल्या. म्हणजे ही काही राजेमहाराजांची गाडी नव्हे, साध्या नोकरदार तरुणाने हप्त्यावर घ्यावी अशी स्पोर्ट्स कार. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो आणि घरच्या गॅरेजमध्ये, शनिवार-रविवारी, पाने आणि जॅक घेऊन तिच्यावर काम करणं शक्य होतं. गंमत म्हणजे तिचा सांगाडा स्विंडनच्याच प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात तयार व्हायचा. मामा राहतो त्याच गावात. आज त्या गावात गोव्याची इतकी माणसं आहेत, की मामाला तिथे बाजारात कोकणी ऐकू येते.

आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, म्हणून मामाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि तो तिकडे गेला. गोदामात रात्रपाळी करतो. घर बदलायला म्हणून साठवलेल्या पैशांतून त्याने ही गाडी घेतली, मामीला आधी न विचारता. विकणारा म्हणाला होता, "पूर्ण रिस्टोअर केलेली आहे." लालभडक रंग, चकचकीत क्रोम. फोटो पाहून आम्हीही खूश झालो होतो.

सहा महिन्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागेना. हाताने थोडं उचलून ढकलावं लागे. मामाला वाटलं बिजागरी झिजली असेल. पप्पांनी फोनवर पाहिलं आणि म्हणाले, "दाराकडे नको बघू, दाराच्या फटीकडे बघ." फट खाली रुंद होती आणि वर निमुळती. याचा अर्थ दार खाली आलं नव्हतं, गाडीच मधून वाकत होती.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. जुन्या ट्रकला किंवा जीपला खाली वेगळी चेसिस असते आणि वर बॉडी बसवलेली असते. एमजीबीला तशी चेसिस नाही. पत्र्याच्या घड्या आणि पेट्या एकमेकींना जोडून जो सांगाडा होतो, तोच गाडीचं वजन पेलतो. त्यात छत कापडी, म्हणजे वरून काहीच आधार नाही. सगळा भार दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या दोन पोकळ तुळयांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. इंग्रजीत घराच्या उंबरठ्यालाही हाच शब्द आहे, म्हणून आमच्या फोनवर त्यांचं नावच 'उंबरठा' पडलं. ही तुळई एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये उभा एक पत्रा आणि तळाशी आणखी एक पट्टी. बाहेरचा गुळगुळीत दिसतो, पण पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो.

मामाने लोहचुंबक कापडात गुंडाळून उंबरठ्यावरून फिरवलं. दाराच्या मध्यापर्यंत चिकटलं, पुढे घसरून पडलं. तिथे लोखंडच नव्हतं, लांबी भरलेली होती आणि वर तो लाल रंग. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

त्या आठवड्यात त्यांच्या घरात काय झालं ते मी लिहीत नाही. सल्ले मात्र भरपूर आले. एकाने सांगितलं, वरून नवा पत्रा ठोक, रंग मार आणि विकून टाक. तुलाही कोणीतरी असंच विकलंय ना? आणि हे पकडलंही गेलं नसतं. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला, तिच्यात मोठे बदल केलेले नसतील तर, २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. कोणी खाली वाकून बघणारच नव्हतं. ज्या मामीला या गाडीचं तोंड बघायचं नव्हतं, तीच शेवटी म्हणाली, "दुसऱ्याच्या मुलाला यात बसवणार का? नीट कर, मग काय ते कर."

नीट करणं म्हणजे कापणं. पुढचं मडगार्ड बोल्टवर असतं, ते निघतं. मागचं वेल्डिंगने जोडलेलं असतं, त्याचा खालचा भाग कापावा लागतो, कारण उंबरठा त्याच्या आत शिरलेला असतो. स्वस्तात काम करणारे नेमकं हेच टाळतात, जुन्या कुजक्या पत्र्यावरच नवा झाकतात. कापण्याआधी बॅटरीच्या तारा काढायच्या, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवायची, सीट आणि गालिचे बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू वेल्ड करायचा, म्हणजे उंबरठा निघाला तरी चौकट जागची हलणार नाही.

हे शेवटचं वाक्य मी गाळलं.

मुद्दाम नाही. परीक्षा जवळ आली होती, मी घाईत होते, पुस्तकातला तो परिच्छेद मला प्रस्तावनेसारखा वाटला. मी एवढंच सांगितलं, "गाडी स्टँडवर घे आणि बाहेरचा पत्रा काप." मामाने पुढच्या आणि मागच्या टोकाला स्टँड लावले. मधला भाग अधांतरी. अर्धा पत्रा कापून झाल्यावर तो चहा प्यायला गेला, परत आला तर दार उघडेना. वरची फट मिटली होती. मला फोन आला तेव्हा मी वाचनालयात होते. तिथेच पायरीवर बसून पान पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला.

सुदैवाने कापणं अर्ध्यावर होतं. मामाने मधल्या भागाखाली जाड लाकडी फळी ठेवून जॅक लावला आणि एकेक दात वर घेत गेला, प्रत्येक वेळी फट मोजत. दुसऱ्या बाजूची फट बरी होती, तिच्याशी ताडून पाहिलं. फट वरपासून खालपर्यंत सारखी झाल्यावर टेकू वेल्ड केला, मग पुढचं काम. तेव्हापासून मी एकही ओळ गाळत नाही. 'योग्य त्या ठिकाणी' असं पुस्तकात असलं, तर कुठलं ठिकाण ते शोधूनच सांगते.

उजवी बाजू पूर्ण व्हायला चार महिने लागले.

इंजिनाचं काम त्यामानाने मजेचं, कारण तिथे पप्पा आले. पप्पांनी बेळगाव–पणजी रस्त्यावर कित्येक वर्षं पेट्रोल ॲम्बेसेडर चालवली. आणि ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज'चं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. तिच्या आधीच्या एमजीएमध्ये तर सुरुवातीला १४८९ सीसीचंच होतं. बॉनेट उघडल्यावर पप्पा म्हणाले, "ही तर आपलीच."

टॅपेटचं गणित पप्पांनी मॅन्युअलशिवाय सांगितलं. व्हॉल्व्ह आठ. प्रत्येकाच्या वर थोडी मोकळीक हवी, इंजिन थंड असताना ०.०१५ इंच. ती मोजायची तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना. पण बंद आहे हे ओळखायचं कसं? नऊची बेरीज. इंजिन हाताने फिरवायचं. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला मोजायचा, सहावा दाबला की तिसरा, पाचवा दाबला की चौथा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. कॅमशाफ्टची रचनाच तशी आहे. मॅन्युअलमध्ये मी नंतर पाहिलं, अगदी बरोबर.

कार्ब्युरेटर दोन, एस.यू. कंपनीचे. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे चपला-बुटांच्या धंद्यातलं घराणं आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता! नंतर त्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन जितकी हवा ओढेल तितका हा पिस्टन वर जातो. त्याच्या बुडाला निमुळती सुई असते, ती छिद्रातून जेवढी वर येईल तेवढं पेट्रोल जास्त सुटतं. मिश्रण तपासायला यंत्र लागत नाही. इंजिन गरम करून पिस्टन किंचित, साधारण एक मिलिमीटर, उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. बंद पडायला लागलं, तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिर झालं, तर बरोबर. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे मामा रबरी नळी कानाला लावून ऐकतो. पप्पा फोनवरून ऐकायचा प्रयत्न करतात आणि नेटवर्कला शिव्या देतात.

विजेबद्दल थोडक्यात. लुकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्रज लोक खूप विनोद करतात, पण मामाच्या गाडीत सापडलेले दोष बहुतेक एकाच जातीचे निघाले: अर्थिंगच्या जागी गंज. तार बदलण्याआधी तिचं टोक घासून बघावं. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्यांच्या पेट्यांत पाणी साचतं, तिथेही पत्रा गेलेला होता.

पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनली होती. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचं. ते गेल्यावर हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, तिकडे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत, आणि त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात. मामाने सगळ्या बदलल्या. तुमच्या घरी आजोबांची स्कूटर पडून असेल, तर तिचीही नळी एकदा वाकवून बघा.

सध्या गाडीची उजवी बाजू राखाडी प्रायमरमध्ये आहे, डावी अजून लाल. उजवं दार एका बोटाने लागतं. मागच्या रविवारी मामी पहिल्यांदा गॅरेजमध्ये आली, ते दार दोनदा उघडून लावलं, काही न बोलता आत गेली. डाव्या बाजूला चुंबक पुढच्या टोकापर्यंत चिकटतंय, मागे नाही. येत्या रविवारी तिकडचा टेकू लावायचाय. पान मी आधीच वाचून ठेवलंय.