पीळ किती द्यावा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत वडिलांच्या वेळच्या सागवानी देव्हाऱ्याचे एक दार बिजागरीपासून निखळले. "सुताराला बोलवा," असे सौभाग्यवतींनी सुचवले. पण चिरंजीवांनी नुकताच मला बॅटरीवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर भेट दिला होता. हाती असे शस्त्र असताना सुतारापुढे मान तुकवणे मला मानवेना. मात्र देव्हाऱ्याला एकदम हात घालण्याची छाती होईना. म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कुरकुरणाऱ्या दारावर रंगीत तालीम करायचे ठरवले.

यंत्राच्या गळ्याशी एक कडे आहे. त्यावर १ ते २० आकडे आणि शेवटी गिरमिटाचे चित्र. जितके गुण अधिक तितके बरे, अशा परीक्षार्थी समजुतीने मी कडे थेट चित्रापर्यंत फिरवले आणि घोडा दाबला. स्क्रू सर्रकन आत गेला आणि तसाच फिरत राहिला. भुशाच्या फळीतले आटे पार पीठ झाले होते. बिजागरी सुटली आणि दार ओट्यावरच्या चकल्यांच्या परातीत कोसळले. पुढचा संवाद येथे देत नाही. विवाहित वाचकांना तो ठाऊक आहे.

अखेर मिस्त्री आले. त्यांनी यंत्र हातात घेऊन कडे फिरवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ह्याला जोर भरपूर आहे. पण कुठं थांबायचं ते आपण सांगावं लागतं. त्यासाठीच हे आकडे."

त्या दिवसापासून मी या कड्याच्या मागे लागलो. इंग्रजीत ज्याला टॉर्क म्हणतात तो म्हणजे पिळाचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत ३० न्यूटन-मीटर लिहिले आहेत. म्हणजे एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे तीन किलो वजन टांगले, तर स्क्रूला जो पीळ बसेल तेवढा! चकल्यांवर दार पडणार नाही तर काय होणार?

मोटरच्या पुढे दातेरी चाकांची जोडणी असते : मधले चाक, त्याभोवतीची छोटी चाके आणि सर्वांना वेढणारे मोठे कडे. हे मोठे कडे जागच्या जागी धरलेले असते, म्हणूनच जोर टोकापर्यंत पोचतो. त्याला पोलादी गोळ्या धरून ठेवतात आणि गोळ्यांना स्प्रिंग दाबते. स्क्रूचे डोके लाकडाला टेकले की विरोध वाढतो. तो स्प्रिंगच्या दाबापेक्षा भारी झाला, की गोळ्या उंचवट्यांवरून उड्या मारू लागतात, मोठे कडे मोकळे फिरते आणि स्क्रू थांबतो. 'कट् कट्' असा आवाज येतो तो याचाच. या व्यवस्थेला क्लच म्हणतात. आकडा वाढवणे म्हणजे ती स्प्रिंग अधिक आवळणे. गिरमिटाच्या चित्रावर मात्र क्लच सुटतच नाही. ती जागा भोके पाडण्यासाठी.

हे आकडे न्यूटन-मीटर नव्हेत. शेजाऱ्याच्या यंत्रावरचा ७ आणि आपला ७ यांचे गोत्र एक असेलच असे नाही. म्हणून रीत अशी : गती कमी ठेवावी, त्याच लाकडाच्या तुकड्यावर लहान आकड्यापासून सुरुवात करावी. डोके वर असतानाच 'कट् कट्' झाले तर आकडा एकदोन घरे वाढवावा. डोके पृष्ठभागाशी बरोबर बसून मग आवाज आला, की तो आकडा त्या कामापुरता पक्का. प्लास्टिक, भुशाची फळी आणि बारीक स्क्रू यांना लहान आकडा. लांब स्क्रू व कठीण लाकूड यांना मोठा. लाकूड किंवा स्क्रू बदलला, की परीक्षा पुन्हा.

आठवड्याने देव्हाऱ्याला हात लावला, मिस्त्रींना शेजारी बसवून. जुन्या सैल भोकांत गोंद लावून लाकडी काड्या ठोकल्या, त्या रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी बारीक भोके पाडली. पितळी स्क्रू मऊ. सागवानात तो मधूनच तुटतो. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडून घेतले, तो काढला आणि मग पितळी स्क्रूला मेण चोळले. कडे ३ वर ठेवले; स्क्रू अर्ध्यावर थांबला. ४ केले, थोडा पुढे सरकला. ५ वर डोके अलगद टेकले आणि 'कट् कट्' ऐकू आले. शेवटचा पाव फेरा मी हाताने दिला. वडिलांच्या देव्हाऱ्याला यंत्राचा शेवटचा शब्द लागू नये, एवढेच मनात होते.

त्या संध्याकाळी दार न कुरकुरता मिटले आणि पुढे समई लागली. वर्ष झाले, बिजागरी जागेवर आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरी त्यावर उपाय सापडला आहे. हल्ली मी कोणत्याही वादात आवाज चढवला, की स्वयंपाकघरातून सौभाग्यवती शांतपणे म्हणतात, "कट् कट्!"